'बायर जास्त आहेत, वर जाणार!'

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर सकाळी सव्वानऊला एक वेगळीच शांतता असते. साडेनऊचं लेक्चर डोक्यावर असतं, इस्त्री न केलेले शर्ट कसेबसे अंगात चढवलेले असतात, एका हातात टूथब्रश आणि दुसऱ्या हातात मोबाईल. कोणी कोणाशी बोलत नाही. मग एखाद्या रूममधून आरोळी येते, "अरे बघ बघ, बायर साडेचार लाख, सेलर सव्वा लाख. आता वर जाणार!"

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. संपादक मंडळातल्या मित्राने मला "काहीतरी हलकंफुलकं दे, मेसवर वगैरे" असं सांगितलं होतं. पण मेसवर दरवर्षी दोन लेख येतात आणि पोहे काही सुधारत नाहीत. आणि गेल्या सेमिस्टरमध्ये या वाक्यापायी आमच्या रूममध्ये जे झालं, ते मला तरी हलकंफुलकं वाटत नाही.

ज्यांचा शेअर बाजाराशी काही संबंध नाही (स्टाफपैकी बरेच जण असतील, काही जण संबंध असूनही कबूल करणार नाहीत!) त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. ब्रोकरच्या ॲपमध्ये कुठल्याही शेअरवर बोट ठेवलं की 'मार्केट डेप्थ' नावाची एक छोटी खिडकी उघडते. डावीकडे निळ्या नाहीतर हिरव्या अक्षरांत खरेदीदार, उजवीकडे लाल अक्षरांत विकणारे. दोन्हीकडे पाच-पाच ओळी. प्रत्येक ओळीत तीन आकडे: भाव, त्या भावाला किती ऑर्डर्स आहेत, आणि एकूण किती शेअर्स. डावीकडची सगळ्यात वरची ओळ म्हणजे आत्ता जास्तीत जास्त किती द्यायला कोणी तयार आहे तो भाव, म्हणजे बिड. उजवीकडची वरची ओळ म्हणजे कमीत कमी कितीला कोणी विकायला तयार आहे तो भाव, म्हणजे आस्क. आणि सगळ्यात खाली दोन मोठे आकडे: खरेदीच्या सगळ्या ऑर्डर्सची बेरीज आणि विक्रीच्या सगळ्या ऑर्डर्सची बेरीज. आमच्या मजल्यावरचं सगळं तत्त्वज्ञान या दोन बेरजांवर उभं आहे. डावी मोठी तर भाव वर, उजवी मोठी तर खाली. बस्स. टेक्निकल ॲनालिसिस शिकायला निदान एखादं पुस्तक तरी उघडावं लागतं, इथे फक्त मोठा आकडा कुठला ते ओळखता आलं पाहिजे. बालवाडीतलं कौशल्य.

माझा रूम पार्टनर याच शाळेतला. हुशार मुलगा आहे, एम-थ्रीमध्ये माझ्या दीडपट मार्क घेतो. परीक्षेची फी आणि दोन महिन्यांच्या मेसचे मिळून वीस हजार घरून आले होते, भरायला अजून बारा दिवस होते. बारा दिवस पैसे नुसते पडून राहणार, हे त्याला बघवलं नाही. त्याने ते ट्रेडिंग अकाउंटला टाकले. इंट्राडेला ब्रोकर साधारण पाचपट पर्यंतचा सौदा करू देतो, म्हणजे वीस हजारांत लाखभराची उडी.

त्या दिवशी एका छोट्या कंपनीचा शेअर ११२ रुपयांच्या आसपास फिरत होता. त्याने मला पलंगावरून खेचून डेप्थ दाखवली. १११.८० च्या ओळीत १,८६,००० शेअर्सची खरेदी उभी होती. "एवढी मोठी भिंत आहे खाली, पडेल कसा? भिंतीला टेकून घ्यायचं!" त्याने ११२.१० ला ८०० शेअर्स घेतले. स्टॉपलॉस लावला नाही, कारण भिंत होती ना! त्या १,८६,००० च्या बाजूला ऑर्डर्सच्या रकान्यात २ लिहिलं होतं, ते आम्ही दोघांनीही पाहिलं आणि दोघांनाही त्यात काही वाटलं नाही.

दहा वाजून काही मिनिटांनी भिंत गेली. पडली नाही, फुटली नाही, गेली. एका क्षणी आकडा होता, पुढच्या क्षणी त्या ओळीत ६५० शेअर्स होते. भाव १११, मग ११०, मग १०९ च्या खाली. रूम पार्टनर दिवसभर लेक्चरला आला नाही. "परत येईल, बायर अजून जास्तच आहेत" असे त्याचे मेसेज मला थर्मलच्या तासाला येत होते, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. पडणाऱ्या भावातही खालच्या बेरजेत डावा आकडा मोठाच होता. दुपारी बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरच्या सिस्टिमने सौदा आपोआप कापला, १०५.६० ला. ५,२०० रुपये आणि वर चार्जेस. पुढचे तीन दिवस ते भरून काढण्यात गेले. म्हणजे गेले!

आता मुद्द्यावर येतो. मला असं म्हणायचं आहे की त्या खिडकीतला आकडा आपण साफ उलटा वाचतो. आपल्याला वाटतं ती बाजाराच्या मनाची मोजणी आहे, जणू निवडणुकीची मतं: इतके लाख वर म्हणाले, इतके लाख खाली. पण ती मतं नाहीत. ती रांग आहे. आणि रांगेत फक्त तेच दिसतात जे थांबायला तयार आहेत.

गावच्या आठवडी बाजाराचं उदाहरण घ्या. मेथीवाली जुडी बाराला सांगतेय. तिच्यासमोर वीस बायका उभ्या आहेत, सगळ्यांचं एकच, "दहाला दे." वीस बायर, एक सेलर! भाव वाढला का? अजिबात नाही. उलट थोड्या वेळाने दुसरा शेतकरी टोपली घेऊन येतो. त्याला चारची एसटी पकडायची आहे. तो बघतो की इथे दहाला घेणारे वीस जण आयते उभे आहेत, आणि अख्खी टोपली दहाने रिकामी करून निघून जातो. त्या वीस जणींची गर्दी बघून भाव वाढायच्या ऐवजी विकणारा आला. भाव वाढतो तो केव्हा, तर जेव्हा एखादी बाई घासाघीस न करता बारा रुपये काढून देते, मग दुसरी देते, आणि मेथीवाली म्हणते आता चौदा. पण ती बारा देणारी बाई रांगेत कधी उभीच राहिली नाही. ती आली आणि घेऊन गेली.

शेअर बाजारात हेच चालतं. ज्याला घाई आहे तो मार्केट ऑर्डर टाकतो. ती थेट समोरच्या बाजूच्या उभ्या ऑर्डरवर जाऊन आदळते आणि सौदा होतो. डेप्थमध्ये ती उभी ऑर्डर म्हणून कधी दिसतच नाही, दिसतो तो तिने समोरच्या रांगेतून खाल्लेला घास. भाव घाईवाला हलवतो. डेप्थ धीरवाल्याला दाखवते. आपण धीरवाल्यांची संख्या मोजून घाईवाल्यांचा अंदाज बांधतो आणि मग फसलो की "ऑपरेटरने गेम केला" म्हणतो.

शिवाय त्या बेरजेत कायकाय मिसळलेलं असतं बघा. आजचा भाव ११२ असताना कोणीतरी १०१ ला घेईन म्हणून ऑर्डर टाकून ऑफिसला गेलेला असतो. तोही डाव्या बेरजेत आहे, पण त्याचा आजच्या भावाशी काडीचा संबंध नाही. उलट ज्या ऑर्डर खरोखर धोक्याच्या असतात त्या बेरजेत नसतातच. स्टॉपलॉस ऑर्डर ट्रिगर होईपर्यंत वेगळी पडून असते, डेप्थमध्ये येत नाही. म्हणजे भाव ११० ला आला की विक्रीच्या शेकडो ऑर्डर एकदम जाग्या होणार असतील तर ते ११२ ला असताना कोणालाच दिसत नाही. आणि ज्याला खरंच मोठा माल घ्यायचा किंवा विकायचा आहे त्याला तो दाखवायचा नसतो. एक्स्चेंजनेच त्याची सोय करून ठेवली आहे. 'डिस्क्लोज्ड क्वांटिटी' म्हणजे ऑर्डर मोठी टाका, पण लोकांना तिचा तुकडाच दाखवा, तो संपला की पुढचा तुकडा. फंडवाले तर ऑर्डरचे शेकडो तुकडे करून दिवसभर सोडतात. ज्याला लपवायचं कारण आहे तो लपवतो. मग जो १,८६,००० चा आकडा उघड्यावर आणून ठेवतो, त्याचं काय कारण असेल, हा प्रश्न आम्हाला त्या दिवशी पडायला हवा होता.

एक काळ होता जेव्हा हे वाचणं खरंच एक विद्या होती. दलाल स्ट्रीटवर १९९५ पर्यंत रिंगमध्ये उभं राहून ओरडून सौदे व्हायचे. तिथल्या जॉबरला समोरचा कोण ओरडतोय, तो कोणासाठी घेतो, त्याचा आवाज चढलाय की तो नुसता नाटक करतोय, हे तोंडावर दिसायचं. नोव्हेंबर १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने शेअर्सचे सौदे स्क्रीनवर सुरू केले, पाठोपाठ पुढच्या वर्षी बीएसईची बोल्ट आली आणि रिंग संपली. झालं ते चांगलंच झालं. रिंगमध्ये सामान्य माणसाच्या गळ्याला सुरी होती. पण चेहरा गेला. आता उरलाय तो बिनचेहऱ्याचा आकडा, आणि तो आकडा मागे घ्यायला एक क्लिक पुरते, पैसेही लागत नाहीत.

या एका क्लिकवर काय होऊ शकतं याची सगळ्यात गाजलेली गोष्ट लंडनची आहे, आणि हॉस्टेलवाल्यांना ती आवडावी, कारण तिचा नायक बेडरूममध्ये बसून हे करत होता. नविंदर सिंग सराव हा लंडनच्या हाउन्स्लो भागात आईवडिलांच्या घरी राहणारा ट्रेडर. शिकागोच्या एक्स्चेंजवर अमेरिकन निर्देशांकाचे ई-मिनी फ्युचर्स करायचा. तो विक्रीच्या प्रचंड ऑर्डर टाकायचा, पण चालू भावापासून थोड्या लांब. भाव जवळ आला की त्याचा प्रोग्रॅम त्या ऑर्डर आपोआप आणखी लांब सरकवायचा. म्हणजे विकायचं काहीच नाही, फक्त उजवीकडचा लाल आकडा फुगलेला दिसायला हवा. तो बघून बाकीचे घाबरून विकायचे आणि हा खाली घ्यायचा. ६ मे २०१० ला अमेरिकन बाजार काही मिनिटांत कोसळला, डाऊ जवळजवळ हजार अंश खाली जाऊन पुन्हा वर आला. त्या दिवशीही हा पठ्ठ्या हेच करत होता. कोसळण्याचं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडता येत नाही. अमेरिकन नियामकांच्या अहवालात मुख्य बोट एका फंडाच्या ७५,००० काँट्रॅक्ट्सच्या विक्रीकडे होतं. पण २०१५ मध्ये त्याला अटक झाली, २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, आणि जानेवारी २०२० मध्ये शिक्षा झाली ती वर्षभर घरातच राहण्याची. (त्याच्यासाठी ही शिक्षा होती का, अशी शंका मला येते.)

माझ्या दृष्टीने या गोष्टीतला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. सरावने फसवलं कोणाला? माझ्या रूम पार्टनरसारख्यांना नव्हे. त्या बाजारात डेप्थ वाचून सौदे करणारे मोठ्या कंपन्यांचे संगणक होते, ज्यांच्यामागे पीएचडीवाली माणसं होती. डावा आकडा, उजवा आकडा, त्यांचं गुणोत्तर, सगळं ते सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजत होते. आणि म्हणूनच तर फसले. मोजणारा आहे म्हटल्यावर मापात पाप करणारा तयार होतोच.

याला स्पूफिंग म्हणतात. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने त्याला नाव घेऊन बंदी घातली. तरी २०२० मध्ये जेपी मॉर्गनसारख्या बँकेला असल्याच प्रकरणात ९२ कोटी डॉलर्सवर रक्कम भरावी लागली. आपल्याकडेही सेबीच्या नियमांत ते बसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने एका ब्रोकर कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. ठपका असा होता की एका बाजूला मोठ्या ऑर्डर उभ्या करायच्या, भाव हलला की दुसऱ्या बाजूला आपला सौदा उरकायचा, आणि मोठ्या ऑर्डर काढून घ्यायच्या. ३ कोटींवर रक्कम गोठवली. हे वाचून मला आमची १११.८० ची भिंत आठवली. ती भिंत तशीच होती असं मी म्हणत नाही. कदाचित एखाद्या खऱ्या माणसाचं खरंच मन बदललं असेल. पण कळायला मार्ग नाही, आणि तोच तर मुद्दा आहे. समोरून दोन्ही सारखंच दिसतं.

प्री-ओपनबद्दल तर बोलायलाच नको. नऊनंतरची पहिली सात-आठ मिनिटं फक्त ऑर्डर गोळा होतात, त्या वाटेल तशा बदलता आणि रद्द करता येतात. नऊ वाजून तीन मिनिटांनी 'सात टक्के वर उघडणार' म्हणून नाचणारे आणि नऊ-पंधराला तोंड पाडून बसलेले, दोन्ही एकच लोक असतात.

आता कोणी म्हणेल, याचं नुकसान झालं म्हणून हा सगळ्यालाच खोटं ठरवतोय. तसं नाही. मी थोडं वाचलंय. डेप्थमध्ये माहिती आहे, हे संशोधनाने दाखवलेलं आहे. रामा कोंट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा २०१४ चा एक पेपर प्रसिद्ध आहे. त्यांनी नुसती उभी बेरीज बघितली नाही. बिड आणि आस्कच्या पहिल्या ओळीत काय बदल होतोय ते बघितलं: किती नवीन आलं, किती रद्द झालं, किती सौद्यात खपलं. या बदलांची वजाबाकी आणि भावाची हालचाल यांचं नातं जवळजवळ सरळ रेषेसारखं निघालं. डेप्थ पातळ असेल तर तेवढ्याच धक्क्याने भाव जास्त हलतो, हेही त्यात आलं. आपल्या भाषेत, स्प्रिंगचा के कमी.

पण हे वाचून हुरळून जाऊ नका, कारण मीही गेलो होतो. ते नातं त्याच दहा सेकंदांतलं आहे. या दहा सेकंदांत ऑर्डर अशा हलल्या म्हणून याच दहा सेकंदांत भाव असा हलला. पुढच्या अर्ध्या तासाबद्दल ते काही बोलत नाही. पुढचा अंदाज देणारेही पेपर आहेत, तिथे वरच्या दोन ओळींच्या प्रमाणावरून भावाची पुढची एक पायरी कुठल्या दिशेला असेल ते थोडंफार सांगता येतं. एक पायरी! आपल्याकडे २५० रुपयांच्या आतल्या शेअर्सची पायरी जून २०२४ पासून १ पैशाची आहे, त्याआधी ५ पैशांची होती.

मग हिशेब करू. २०० रुपयांचे १०० शेअर्स, २०,००० चा सौदा. अंदाज बरोबर आला, एक पायरी मिळाली: १ रुपया. आता खर्च. ब्रोकरेज ०.०३ टक्क्याने घेताना ६ आणि विकताना ६. विकताना एसटीटी ०.०२५ टक्के, ५ रुपये. एक्स्चेंजचे चार्जेस रुपया-सव्वा रुपया, स्टॅम्प ड्युटी ६० पैसे, आणि ब्रोकरेज नि चार्जेसवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २ रुपये ४० पैसे. झाले साधारण २१ रुपये. वर बिड आणि आस्कमधलं अंतर आपल्याच खिशातून, कारण घाईने घेताना आपण आस्कला घेतो आणि घाईने विकताना बिडला विकतो. १ रुपया मिळवायला २१ रुपये! मेसवालाही इतकं कापत नाही.

ही एक पायरी ज्यांना परवडते ते लोक वेगळे. त्यांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच इमारतीत भाड्याच्या रॅकवर असतात, ऑर्डर-बुकातला प्रत्येक बदल त्यांना मायक्रोसेकंदात कळतो, आणि त्यांचा खर्च आपल्यासारखा नसतो. आपल्या मोबाईलवर येतं ते सेकंदातून काही वेळा काढलेलं छायाचित्र, हॉस्टेलच्या वायफायवरून. दुसऱ्या मजल्यावर तर रात्री व्हिडिओ कॉल चालत नाही. आकडा आपल्या डोळ्यांत शिरेपर्यंत तो शिळा झालेला असतो, आणि डोळ्यातून अंगठ्यापर्यंत यायला आणखी अर्धा सेकंद. कंट्रोल सिस्टिम्सवाल्या सरांना विचारा, एवढा डिले असलेल्या लूपचं काय होतं ते.

मी स्वतःही शहाणपणा करून पाहिला. रूम पार्टनरच्या प्रकरणानंतर दोन आठवडे जर्नलच्या मागच्या पानावर पाच शेअर्सच्या दोन्ही बेरजा लिहून ठेवायचो आणि पंधरा मिनिटांनी भाव कुठे आहे ते. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच बरोबर आलं असतं. नमुना छोटा आहे, त्यावरून सिद्ध काही होत नाही, हे मान्य. पण ज्या 'नियमा'वर लोक फी लावतात तो निदान दोन आठवडे तरी टिकायला हवा होता की नाही?

डेप्थची खिडकी बंदच ठेवा, असं मात्र माझं म्हणणं नाही. ती एका कामाला फार चांगली आहे, पण त्या कामाकडे कोणी बघत नाही. पुढे काय होणार ते ती सांगत नाही. आत्ता माझी ऑर्डर टाकली तर मला किती फटका बसेल, हे मात्र ती बिनचूक सांगते. समजा एखाद्या शेअरचा बिड ४१.२० आहे आणि आस्क ४२.१०, आणि प्रत्येक ओळीत शे-दोनशे शेअर्स. म्हणजे आत शिरताक्षणी दोन टक्के गेले, आणि हजार शेअर्स विकायचे म्हटलं तर पाची ओळी खाऊन आणखी खाली. असा शेअर मित्राने कितीही छातीठोक सांगितला तरी इंट्राडेला हात लावू नये, हे ती खिडकी दोन सेकंदांत सांगते. मोठा आकडा दिसला तर शेजारचा ऑर्डर्सचा रकाना बघावा: लाखभर शेअर्स दोनशे ऑर्डर्सचे असतील तर दोनशे जणांचं मन एकदम बदलणं कठीण, दोन ऑर्डर्सचे असतील तर एका माणसाला शिंक आली तरी पुरे. आणि लोअर सर्किटला डावी बाजू कोरी असेल तर त्याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यावा. घेणारा कोणी नाही, आपण अडकलोय.

आता थोडं रेक्टर सर आणि स्टाफला उद्देशून. गेल्या महिन्यात नोटीस बोर्डवर 'मोबाईलवर ट्रेडिंग करताना आढळल्यास कारवाई' असा कागद लागला. सर, त्याने काय झालं सांगतो. आधी लोक कॉरिडॉरमध्ये करायचे, आता बाथरूममध्ये करतात. आणि हरलेला मुलगा आधी निदान मित्रांना सांगायचा, आता तेही सांगत नाही. सेबीच्याच पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये शेअर्सचं इंट्राडे करणाऱ्यांत जवळजवळ निम्मे, ४८ टक्के, तिशीच्या आतले होते. २०१८-१९ मध्ये हेच प्रमाण १८ टक्के होतं. आणि तिशीच्या आतल्यांपैकी ७६ टक्क्यांचं नुकसान झालं. एवढी मुलं नोटीस वाचून थांबणार नाहीत.

त्यापेक्षा माझी एक सूचना आहे, हसू नका. ऑपरेशन्स रिसर्चला आम्हाला क्यूइंग थिअरी आहे. दरवर्षी तेच उदाहरण: बँकेची खिडकी, एक कॅशियर, गिऱ्हाइकं पॉयसनने येतात. दरवर्षी आम्ही तेच पाठ करून लिहितो. डेप्थ ही अगदी तशीच रांग आहे, फक्त तिच्यातून माणसं मध्येच निघून जातात. तिच्यावर याच गणिताने २०१० मध्ये 'ऑपरेशन्स रिसर्च' नावाच्या जर्नलमध्येच पेपर आलेला आहे, त्यातही तोच कोंट. एकदा हे वर्गात फळ्यावर करा. आगमनाचा दर, निघून जाण्याचा दर, आणि एक लाखाची रांग किती वेळात शून्य होऊ शकते ते. आमच्या मजल्यावरचा कोणीही तो तास बुडवणार नाही, याची हमी मी देतो. पोरं गणिताला घाबरतात हे खरं, पण स्वतःचे पैसे त्यात असले की पार्शल डिफरन्शिएशनही करतात.

रूम पार्टनरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. परीक्षेची फी लेट फीसकट भरली, काही मी दिले, काही त्याच्या मावसभावाने. घरी अजून माहीत नाही. दिवाळीला तो गावी गेला नाही, 'प्रोजेक्टचं काम आहे' असं सांगितलं. आम्ही दोघांनी रिकाम्या हॉस्टेलवर चिवडा खाल्ला, जो त्याच्या आईनेच माझ्या हातून पाठवला होता, कारण मी दोन दिवस जाऊन लवकर परत आलो होतो. त्यांनी मला स्टँडवर विचारलं, "अभ्यासाचा फार ताण आहे का रे त्याला?" मी हो म्हटलं.

हा लेख द्यायच्या आधी त्याला वाचायला दिला. नाव घालायचं नाही या अटीवर त्याने परवानगी दिली. मी एके ठिकाणी 'सगळे मिळून चौदा हजार गेले' असं लिहिलं होतं, कारण मला त्याने तेवढेच सांगितले होते. त्याने पेन घेतलं, चौदा खोडलं आणि वर सतरा लिहिलं. मग ते वाक्यच काढून टाक म्हणाला.